मुक्या बालकांचे कैवारी : डॉक्टर हेन्री केंपी

निर्गमाच्या पुस्तकाच्या आरंभीं दोन सुइणींची हकीकत आहे. इब्री लोकांचे मुलगे जन्मतांच मारून टाकावे असा हुकूम फारो राजानें केला असतां ह्या बायांनीं देवाचें भय धरून तीं बालकें जिवंत ठेविलीं. त्यांच्या हातीं शस्त्र नव्हतें व दरबारांत त्यांचें वजन नव्हतें. परंतु मूल जगांत येतें तेव्हां त्याला प्रथम पाहणारे डोळे त्यांचे होते, आणि त्या डोळ्यांनीं जें पाहिलें त्याबद्दल आपणांस देवापुढें जाब द्यावा लागेल हें त्या जाणून होत्या. वैद्य, परिचारिका व सुईण ह्यांच्यावर देवानें जी जबाबदारी ठेविली आहे तिचें हें फार जुनें चित्र होय. आज ज्या गृहस्थांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों त्यांनीं हीच जबाबदारी अलीकडच्या काळांत पुष्कळ देशांच्या वैद्यांना पुन्हां शिकविली. त्यांचें नांव डॉक्टर हेन्री केंपी.

केंपी ह्यांचा जन्म ता. ६ एप्रिल १९२२ रोजीं जर्मन देशांतील ब्रेस्लाउ शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हें शहर पोलंड देशांत गेलें व हल्लीं त्यास व्रोत्सवाफ म्हणतात. हेन्री दहा वर्षांचा असतां, १९३३ सालीं, जर्मनीची सत्ता हिटलरच्या हातीं गेली आणि यहूदी लोकांचे संकटाचे दिवस सुरू झाले. शाळा, धंदा, घरदार, कांहींच सुरक्षित राहिलें नाहीं. किशोरवयांतच त्याला जन्मभूमि सोडावी लागली, आणि अखेर तो अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं येऊन पोहोंचला. ज्या सत्तेनें रक्षण करावयाचें तीच जिवावर उठली म्हणजे दुबळ्याची काय गति होते, हें तो पुस्तकांतून शिकला नाहीं. त्याच्या बालपणानेंच तें त्याला दाखविलें. पुढील आयुष्यांत ह्या गोष्टीचा त्यांच्या कार्याशीं काय संबंध होता तें वाचकांच्या आपोआप ध्यानांत येईल.

कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांत शिकून १९४५ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, केंपी डॉक्टर झाले. लहान मुलांचे रोग आणि विषाणूंपासून होणारे रोग हे दोन विषय त्यांनीं आपल्या अभ्यासासाठीं निवडिले. १९४८ सालीं रूथ नांवाच्या डॉक्टरीण बाईंशीं त्यांचा विवाह झाला व ह्या दांपत्यास पांच कन्या झाल्या. रूथबाई पुढें मनोविकारांच्या वैद्य झाल्या आणि पतीच्या कार्यांत बरोबरीनें राबल्या.

आपल्या देशाशीं केंपींचा संबंध देवीच्या रोगामुळें आला. त्या काळीं ही सांथ आपल्या गांवोगांव फिरे आणि एका घरांतून दोनदोन तीनतीन लेकरें उचलून नेई, हें आपल्या वडील मंडळींनीं सांगितलेलें पुष्कळांस आठवत असेल. देवी आलेल्या रोग्याच्या घरांतील माणसांस केवळ देवी काढल्या तर त्यांतील कांहीं जण तरीही आजारी पडत. त्यांना देवी काढण्याबरोबरच, पूर्वीं देवी काढलेल्या माणसांच्या रक्तापासून तयार केलेलें एक प्रतिबंधक द्रव्य टोंचलें तर अधिक जीव वांचतील काय, हा प्रश्न केंपींनीं हातीं घेतला. हल्लीं ज्यास चेन्नई म्हणतात त्या मद्रास शहरीं त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं हा प्रयोग केला व त्याचा वृत्तांत १९६१ सालीं छापला. ज्या ३२६ माणसांस हें द्रव्य दिलें होतें त्यांपैकीं ५ जणांस देवी आल्या. ज्या ३७९ माणसांस तें दिलें नव्हतें त्यांपैकीं २१ जणांस आल्या. पुढें १९६५ सालीं त्यांनीं आपल्याच देशाच्या वैद्यांस सांगितलें कीं, अमेरिकेंत हा रोग उरलेला नाहीं, उलट देवी काढण्याच्या दुष्परिणामानें कांहीं मुलें दगावतात, तेव्हां तेथें सरसकट देवी काढणें बंद करावें. पुष्कळांस तें रुचलें नाहीं. परंतु १९७२ सालीं त्या देशानें तेंच केलें. डोळ्यांनीं पाहावें, मोजून पाहावें, आणि जें दिसलें तें लोकांस आवडो वा न आवडो, स्पष्ट सांगावें, हा ह्या मनुष्याचा स्वभाव होता.

१९५६ सालीं, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, केंपी हे डेन्व्हर शहरीं कोलोरॅडो विद्यापीठाच्या वैद्यक शाळेंत बालरोग विभागाचे मुख्य झाले. तेथील रुग्णालयांत फिरत असतां त्यांस एक गोष्ट वारंवार दिसूं लागली. एखादें वर्षाचें अथवा दोन वर्षांचें मूल आणीत. त्याचें हाड मोडलेलें असे, डोक्यांत रक्त सांकळलेलें असे, अंगावर निळेकाळे वळ असत. तरुण डॉक्टर त्या मुलाच्या कागदावर मोठमोठीं नांवें लिहीत. कोणी लिही कीं हाडें जन्मतः ठिसूळ आहेत, कोणी लिही कीं रक्तच असें आहे कीं तें आपोआप वाहतें, कोणी कातडीचा रोग ठरवी. मूल कांहीं दिवस रुग्णालयांत राही आणि तेवढ्या दिवसांत त्याला नवा वळ उमटत नसे, नवें हाड मोडत नसे. मग त्याला घरीं पाठवीत, आणि थोड्याच आठवड्यांनीं तेंच मूल पुन्हां येई. कित्येकदां तें जिवंत येत नसे.

जें डोळ्यांपुढें होतें तें त्या शिकलेल्या डॉक्टरांस कां दिसत नव्हतें? त्यांची विद्या कमी नव्हती. परंतु आईबाप आपल्या पोटच्या गोळ्याची अशी दशा करतील हें त्यांच्या मनाला मान्यच होत नव्हतें. शिवाय आईबाप समोर उभे असत, कपडे नीटनेटके, बोलणें सभ्य, डोळ्यांत पाणी. अशांस प्रश्न विचारणें डॉक्टरांस अपमानाचें वाटे. कोर्टकचेरीची भीति होतीच. म्हणून मन एखादा दुर्मिळ रोग शोधी आणि खरें कारण सोडून देई. केंपींनीं आपल्या विद्यार्थ्यांस हें पहिल्यानें शिकविलें कीं, अशा वेळीं रोगनिदानास आडवा येणारा मोठा अडथळा वैद्याच्या स्वतःच्या मनांत असतो.

ही गोष्ट ओळखणारे केंपी हे पहिलेच नव्हते, हें येथें सांगणें न्यायाचें होईल. फ्रान्स देशांत आंब्रवाझ तार्द्यू नांवाचे न्यायवैद्यकाचे पंडित होऊन गेले. त्यांनीं १८६० सालीं छळ झालेल्या ३२ बालकांचा वृत्तांत छापला. त्यांपैकीं १८ बालकें मरण पावलीं होतीं. परंतु त्यांच्या काळच्या वैद्यांनीं त्या लेखाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. न्यूयॉर्क शहरीं १८७४ सालीं एका मेथडिस्ट मिशनच्या वतीनें गरिबांच्या वस्तींत घरोघर भेटी देणाऱ्या एट्टा व्हीलर बाईंस शेजारणीकडून कळलें कीं, एका घरांत मेरी एलन नांवाच्या मुलीचा फार छळ होतो. पोलीस व धर्मादाय संस्था ह्यांच्याकडे त्या हिंडल्या, पण मार्ग निघेना. शेवटीं जनावरांच्या छळाविरुद्ध झटणाऱ्या मंडळाचे प्रमुख हेन्री बर्ग ह्यांच्याकडे त्या गेल्या, आणि त्यांच्या साह्यानें ती मुलगी न्यायाधीशापुढें आणिली गेली व सुटली. तेथूनच मुलांच्या संरक्षणाची पहिली संस्था निघाली. ही मेरी एलन पुढें संसार करून १९५६ सालापर्यंत जगली. आमच्या उपदेशक बंधूंनीं व बायबलबाईंनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी, कारण ती बाई वैद्य नव्हती कीं सरकारी अधिकारी नव्हती. ती घरोघर जाणारी मंडळीची सेविका होती.

पुढें १९४६ सालीं न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी ह्यांनीं सहा तान्ह्या मुलांचा वृत्तांत छापला. त्यांच्या डोक्यांत रक्त सांकळलें होतें व हातापायांचीं लांब हाडें मोडलीं होतीं. कॅफींनीं खुणा बिनचूक नोंदविल्या, परंतु कारण कोणतें हें उघड म्हटलें नाहीं. साक्षीचे कागद जणूं तयार होते. ते सभेंत मोठ्यानें वाचून दाखविणारा पाहिजे होता.

तें काम केंपींनीं केलें. १९५८ सालीं त्यांनीं आपल्या रुग्णालयांत बालरक्षणासाठीं एक मंडळ नेमिलें. डॉक्टर, परिचारिका, मनोविकारांचे वैद्य व समाजसेविका एकत्र बसून प्रत्येक संशयित मुलाचा विचार करूं लागले, म्हणजे एकट्यावर भार पडूं नये आणि एकट्याची चूकही चालूं नये. १९६१ सालीं बालरोगवैद्यांच्या वार्षिक सभेंत त्यांनीं हा विषय पुढें आणिला, व त्यास मुद्दाम कठोर नांव दिलें: बडविलेल्या बालकाचीं लक्षणें. नांव मऊ ठेविलें तर लोक पुन्हां डोळे मिटतील हें ते जाणून होते. ता. ७ जुलै १९६२ रोजीं अमेरिकन वैद्यकसभेच्या नियतकालिकांत त्यांचा व त्यांच्या चार सोबत्यांचा ह्याच नांवाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनीं देशांतील रुग्णालयांकडून माहिती मागविली होती. ७१ रुग्णालयांनीं एका वर्षांतील ३०२ मुलांची हकीकत कळविली. त्यांपैकीं ३३ मुलें मरण पावलीं होतीं आणि ८५ मुलांच्या मेंदूस कायमची इजा झाली होती.

त्या निबंधांतील शिकवण आम्ही साध्या शब्दांत सांगतों, कारण ती आपल्या गांवच्या परिचारिकेस व सुइणीसही उपयोगी आहे. मुलाच्या अंगावर कांहीं जखमा ताज्या, कांहीं अर्धवट भरलेल्या व कांहीं जुन्या अशा एकाच वेळीं दिसल्या, तर तो एका दिवसाचा अपघात नव्हे. आईबाप जें कारण सांगतात तें जखमेशीं जुळतें किंवा नाहीं हें पाहावें. जें मूल अजून रांगत नाहीं तें चुलीपर्यंत आपण होऊन गेलें हें कसें होईल? दुखापत झाल्यावर कित्येक दिवस उपचारास आणिलें नाहीं, अथवा आई एक सांगते व बाप दुसरें, तर लक्ष द्यावें. मूल रुग्णालयांत असतां नव्या जखमा थांबल्या, तर घरांत काय होतें ह्याचा विचार करावा. क्ष-किरणाचें चित्र घेतलें म्हणजे जुनीं मोडलेलीं व पुन्हां जुळलेलीं हाडें त्यांत दिसतात. लेंकरूं बोलूं शकत नाहीं, थोरलें असलें तर भीतीनें बोलत नाहीं. पण हाडांवर राहिलेली खूण धमकावून पुसतां येत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, संशय बळकट असतां मुलाला पुन्हां त्याच घरीं सोडूं नये. आईबापांविषयीं आदर ठेवावा, परंतु वैद्याचें पहिलें कर्तव्य त्या मुलाशीं आहे.

ह्या निबंधानें सारा देश हलला. कांहीं वर्षांतच, १९६७ सालापर्यंत, अमेरिकेच्या पन्नासही संस्थानांत असे कायदे झाले कीं, मुलाचा छळ झाल्याचा संशय आल्यास डॉक्टरांनीं तो सरकारास कळविलाच पाहिजे. जें पूर्वीं घरांतली गोष्ट म्हणून झांकलें जात होतें तें आतां वैद्याच्या कर्तव्याचा भाग झालें.

एखादा दुसरा मनुष्य येथेंच थांबला असता. परंतु केंपींचें मन आणखी एका प्रश्नाकडे वळलें: हे आईबाप असे कां वागतात? त्यांचे सोबती, मनोविकारांचे वैद्य ब्रँट स्टील, ह्यांनीं साठ कुटुंबांचा पांच वर्षांहून अधिक काळ अभ्यास करून त्याचा वृत्तांत १९६८ सालीं छापला. त्यांस असें दिसलें कीं हे लोक गरीब होते तसे श्रीमंतही होते, अडाणी होते तसे शिकलेलेही होते, आणि त्यांपैकीं फार थोडे वेडे होते. परंतु पुष्कळांनीं आपल्या लहानपणीं तशीच वागणूक सोसली होती. माया कशी करावी हें त्यांनीं कोठें पाहिलेंच नव्हतें. तान्ह्या मुलानें आपणांस समजून घ्यावें अशी त्यांची विलक्षण अपेक्षा असे, आणि संकटाच्या वेळीं ज्याला हांक मारावी असें एकही माणूस त्यांच्याजवळ नसे. अशा आईबापांस नुसती शिक्षा केल्यानें मूल वांचत नाहीं, त्यांना कोणीतरी आधार दिला पाहिजे, असें केंपींचें मत झालें.

म्हणून त्यांनीं घरोघर भेट देणाऱ्या साध्या माणसांचा मार्ग धरिला. ज्यांनीं स्वतः मुलें नीट वाढविलीं आहेत, ज्यांचें मन शांत व जीभ मऊ आहे, अशा बायांस थोडें शिक्षण देऊन त्या नव्या आयांच्या घरीं पाठवीत. ह्यांचें काम तपासणी करण्याचें नव्हतें. मैत्रिणीप्रमाणें बसावें, आईचें ऐकून घ्यावें, बाळाकडे पाहावें, आणि गरज दिसल्यास दवाखान्यास कळवावें, एवढेंच होतें. ह्याचा उपयोग होतो किंवा नाहीं हेंही केंपींनीं आपल्या स्वभावाप्रमाणें मोजून पाहिलें. डेन्व्हर येथें बाळंतपणाच्या वेळीं आयांचें निरीक्षण करून, ज्यांस पुढें अडचण पडेल असें वाटलें अशा शंभर आया निवडिल्या. आईनें बाळाकडे पाहिलें काय, त्याला जवळ घेतलें काय, त्याविषयीं काय बोलली, मुलगा हवा होता व मुलगी झाली म्हणून तोंड फिरविलें काय, बाप कसा वागला, ह्या साध्या गोष्टी तेथें पाहिल्या जात. शंभरांपैकीं पन्नास जणींस एका डॉक्टरचा व घरीं जाणाऱ्या बायांचा नियमित आधार दिला. उरलेल्या पन्नास जणींची नेहमींप्रमाणेंच व्यवस्था ठेविली. हा वृत्तांत १९७७ सालीं छापला. आधार न मिळालेल्यांच्या पांच मुलांस मोठ्या दुखापतीमुळें रुग्णालयांत ठेवावें लागलें. आधार मिळालेल्यांपैकीं एकाही मुलावर अशी वेळ आली नाहीं. आंकडे लहान आहेत, परंतु त्यांतील पांच लेकरें खरीं होतीं.

त्याच १९७७ सालीं बालरोगवैद्यांपुढें दिलेल्या एका मानाच्या व्याख्यानांत केंपींनीं आणखी एक झांकलेलें पाप उघड केलें, तें म्हणजे मुलांवर होणारा लैंगिक अत्याचार. पंधरा वर्षांपूर्वीं वैद्य मारहाणीकडे जसे डोळे मिटून बसत, तसेच ते आतां ह्या विषयाकडे बसतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. हें पाप करणारा बहुधा मुलाच्या ओळखीचा, विश्वासांतला, कित्येकदां घरांतलाच मनुष्य असतो, आणि म्हणूनच मूल गप्प राहतें.

१९७२ सालीं डेन्व्हर येथें बालकांच्या छळाचा अभ्यास व प्रतिबंध करण्यासाठीं त्यांनीं एक केंद्र स्थापिलें. आज तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. १९७७ सालीं निरनिराळ्या देशांतील कार्यकर्त्यांचें एक आंतरराष्ट्रीय मंडळ त्यांच्या पुढाकारानें निघालें. रूथबाईंसह त्यांनीं ह्या विषयावर १९७८ सालीं एक पुस्तकही प्रसिद्ध केलें. मार्च १९८४ मध्यें, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, ते निवर्तले.

आतां, प्रिय वाचकहो, हें चरित्र दूरच्या देशाचें म्हणून बाजूस ठेवूं नका. आपल्या गांवांतही घरें आहेत, बंद दारें आहेत आणि लेकरें आहेत. जी नवी आई सासरीं एकटी आहे, जिला मुलगी झाली म्हणून घरांत कोणी बोलत नाहीं, तिच्या दारांत आज आशा सेविका जाते. बाळंतपण दवाखान्यांत झाल्यास पहिल्या बेचाळीस दिवसांत अशा सहा भेटी द्याव्या अशी सरकारी योजना आहे. ती सेविका बाळाचें वजन पाहते, ताप पाहते. तिनें आईच्या तोंडाकडेही पाहावें, आणि आमच्या मंडळींतील बहिणींनीं त्या घरीं जाऊन तास अर्धा तास बसावें. केंपींनीं ज्यासाठीं बाया शिकवून पाठविल्या तें काम शेजारधर्मानें आपणांस फुकट करतां येण्यासारखें आहे.

शहाणपणही पाहिजे. प्रत्येक डाग म्हणजे मार नव्हे. आपल्या देशांतील पुष्कळ बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतात व ते पुढें आपोआप जातात. कांहीं मुलांचीं हाडें खरोखरच ठिसूळ असतात, कांहींचें रक्त लवकर गोठत नाहीं. मेळघाटासारख्या भागांत बाळाचें पोट फुगलें म्हणून तापलेल्या विळ्यानें पोटावर डागण्या देण्याची चाल आहे. तेथें आईबापांच्या मनांत क्रूरता नसते, अज्ञान असतें, परंतु बाळाला होणारी इजा तितकीच खरी असते. म्हणून गांवांत बोभाटा करूं नये, आळ घेऊं नये, आणि मुलाला पुन्हां पुन्हां प्रश्न विचारून बेजार करूं नये. त्यानें आपण होऊन सांगितलें तर शांतपणें ऐकावें, तुझा दोष नाहीं असें त्यास सांगावें, आणि जें ऐकलें व पाहिलें तें योग्य ठिकाणीं कळवावें. खरें काय तें शोधणें तज्ज्ञांचें काम आहे. कळविणें आपलें आहे.

योग्य ठिकाण कोणतें हेंही सांगतों. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक सर्व देशांत चालतो व त्यास पैसे पडत नाहींत. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ सालचा कायदा, ज्यास लोक पोक्सो म्हणतात, तो अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीस लागू आहे. असा अपराध झाल्याचें अथवा होण्याचा संभव असल्याचें ज्यास कळेल त्या प्रत्येकानें पोलिसांस कळविलें पाहिजे, मग तो डॉक्टर असो, शिक्षक असो कीं पाळक असो. न कळविणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही होऊं शकतात. सद्धेतूनें कळविणारावर मात्र कोणतीही जोखीम येत नाहीं. कोवळ्या वयांत लग्न लावून दिलेली मुलगी गरोदर होऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत येते, तेव्हां तेथील परिचारिकेपुढेंही हाच कायदा उभा असतो.

दोन गोष्टी मंडळीच्या वडिलांस स्पष्ट सांगणें आम्हांस भाग आहे. पहिली ही कीं, शलमोनाच्या नीतिसूत्रांतील छडीचा आधार घेऊन कित्येक बाप व कित्येक शिक्षक आपल्या रागास धर्माचें पांघरूण घालतात. मेंढपाळाची काठी मेंढरांस वाट दाखविण्यासाठीं व लांडग्यास हांकण्यासाठीं असते. तिनें कोंकराचें हाड मोडणारा मेंढपाळ आम्हीं शास्त्रांत कोठें पाहिला नाहीं. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. अपराध करणारा मंडळींतील मानाचा मनुष्य निघाला म्हणजे परराष्ट्रीयांत ख्रिस्ताचें नांव बदनाम होईल असें म्हणून प्रकरण मिटविण्याचा मोह होतो. मुलीला मामाकडे पाठवितात, त्या मनुष्याकडून माफी लिहून घेतात, आणि पुढच्या रविवारीं तो पुन्हां पुढच्या बांकावर बसतो. असें केल्यानें ख्रिस्ताच्या नांवाचें रक्षण होत नाहीं. ज्या प्रभूनें लेकरूं मध्यें उभें करून, त्याला अडखळविणाराच्या गळ्यांत जात्याची तळी बांधण्याची भाषा केली, त्याला अशी झांकाझांक कशी आवडेल? ज्याला पश्चात्ताप झाला आहे त्याला देव क्षमा करील; परंतु क्षमेचा अर्थ असा नव्हे कीं लेकरूं पुन्हां त्याच्या हातीं द्यावें.

हेन्री केंपी हे कांहीं आपल्या मंडळीचे उपदेशक नव्हते. परंतु देव आपलें काम कोणाच्या हातून करवितो ह्याला मर्यादा नाहीं; शोमरोनी मनुष्याची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. वाटेवर पडलेल्या त्या जखमी मनुष्यास याजकानें पाहिलें होतें आणि लेव्यानेंही पाहिलें होतें. डेन्व्हरच्या त्या तरुण डॉक्टरांनींही पाहिलें होतें. केंपी थांबले, जवळ गेले, आणि जखमेचें खरें नांव त्यांनीं उच्चारलें.

आमच्या परिचारिका, सुइणी, अंगणवाडी सेविका, शब्बाथ शाळेचे शिक्षक व उपदेशक ह्यांस देव असेच डोळे देवो, पाहिलेलें खरें मानण्याचें धैर्य देवो, आणि लेकरासाठीं तोंड उघडण्याची वेळ आली असतां त्यांची जीभ अडखळूं न देवो. येत्या रविवारीं प्रत्येक मंडळीनें आपल्या गांवच्या लहान मुलांचीं नांवें घेऊन प्रार्थना करावी, आणि प्रार्थना झाल्यावर त्यांतील ज्या घरीं जाणें राहिलें आहे त्या घरीं जावें.